वुड स्टोव्हचं तापमान सांभाळताना: जाळ किती हवा, हवा कधी आवळायची

अमेरिकेच्या ईशान्य भागात किंवा कॅनडात घर घेतलं की दिवाणखान्यात पुष्कळदा एक वुड स्टोव्ह (घर तापवणारी, दार असलेली लाकडाची बंद शेगडी) आधीपासूनच बसवलेला असतो. पहिली थंडी पडली की तो पेटवला जातो. चूल पाहिलेल्या माणसाचा हात मग चुलीच्या सवयीनेच चालतो: जाळ हवा तर लाकूड आत सारायचं, नको तर मागे ओढायचं, विझायला लागलं की फुंकर घालायची. बंद स्टोव्हला ही सवय चालत नाही. त्यात लाकूड एकदम भरायचं, दार लावायचं आणि पुढचे काही तास हवेच्या एका दांड्यावर काढायचे. तो दांडा कधी आणि किती हलवायचा, यावर घर ऊबदार राहणार की चिमणीत काजळी साठणार हे ठरतं.

बहुतेकांचा घोळ एकाच जागी होतो. लाकूड जास्त वेळ पुरावं म्हणून हवा फार लवकर बंद करतात आणि स्टोव्ह तासन्‌तास धुमसत ठेवतात. आधी पुरेसं तापू द्यायचं आणि मगच हवा कमी करायची. हा क्रम बदलू नका.

आत नेमकं काय जळतं

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं. साधारण २०० सेल्सियसच्या पुढे लाकडातून धूर सुटू लागतो, आणि हा धूर म्हणजे जळाऊ वायूच असतात. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता त्यांच्यात असते. कोळसा उरतो तो सगळ्यात शेवटी. हा धूर पूर्ण जळायचा तर भट्टीत साधारण ६०० सेल्सियस (११०० फॅरनहाइट) तापमान आणि भरपूर गरम हवा लागते. आतल्या विटा, छताजवळची आडवी पाटी आणि तिच्याखालच्या छिद्रांच्या नळ्या यासाठीच असतात.

तापमान तेवढं नसेल तर धूर न जळताच वर जातो. चिमणीची आतली बाजू १२० सेल्सियसच्या (२५० फॅरनहाइट) खाली असेल तर तो तिथे थिजतो आणि काळा, चिकट थर धरतो. हेच क्रिओसोट. आठवडेच्या आठवडे हा थर वाढत राहतो आणि एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला की पेट घेतो. चिमणीतल्या अशा आगीचं तापमान ११०० सेल्सियसपर्यंत जाऊ शकतं. स्टोव्ह थंड चालवण्यातला धोका तो असा, उशिरा दिसणारा.

१५ मे २०२० पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हने ताशी २ ग्रॅमपेक्षा जास्त धूर सोडता कामा नये, असा ईपीएचा (तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा) नियम आहे. चाचणी खऱ्याखुऱ्या फोडलेल्या लाकडावर घेतली असेल तर मर्यादा २.५ ग्रॅम. पण हे आकडे कोरडं लाकूड आणि योग्य तापमान धरूनच आहेत. ओलं लाकूड धुमसत ठेवलं तर नवा महागडा स्टोव्हही जुन्याइतकाच धूर ओकतो.

थर्मामीटर कुठे लावायचा

अंदाजाने चालवू नका. थर्मामीटर स्वस्त असतो आणि त्याच्याशिवाय इथून पुढचं काहीच नीट जमणार नाही. आधी स्टोव्हपासून चिमणीकडे जाणारा तुमचा पाइप एकेरी (एकाच पत्र्याचा) आहे की दुहेरी (एकात एक दोन पत्र्यांचा) ते बघा. दुहेरी पाइपवर बहुधा प्रमाणपत्राची पट्टी असते आणि तो भिंतीच्या बराच जवळ बसवलेला असतो. भट्टी पेटलेली असतानाही त्याचा बाहेरचा पत्रा एकेरी पाइपच्या मानाने पुष्कळ कमी तापतो.

पाइप एकेरी असेल तर चुंबकाचा थर्मामीटर स्टोव्हच्या माथ्यापासून १८ इंच (४५ सेंटिमीटर) वर चिकटवा. त्यावर २५० ते ४७५ फॅरनहाइट (१२० ते २४५ सेल्सियस) हा चांगला पट्टा. आतल्या वायूंचं तापमान या आकड्याच्या दीडपट ते दुप्पट असतं.

पाइप दुहेरी असेल तर चुंबकाचा थर्मामीटर निरुपयोगी, कारण तो बाहेरचा थंड पत्रा मोजतो. तिथे बारीक भोक पाडून आत सळई जाणारा प्रोब थर्मामीटर लागतो. त्यावर ४०० ते ९०० फॅरनहाइट (२०५ ते ४८० सेल्सियस) हा पट्टा धरा. दोन्ही थर्मामीटरांच्या चकत्या सारख्याच दिसतात, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावला जातो. हे टाळा.

दुसरा थर्मामीटर स्टोव्हच्या माथ्यावर ठेवा. बहुतेक पोलादी आणि बिडाच्या स्टोव्हना तिथे ३०० ते ६५० फॅरनहाइट (१५० ते ३४५ सेल्सियस) मानवतं. नेमकी मर्यादा मात्र तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तकात असेल तीच खरी. सोपस्टोनचा (एका मऊ दगडाचा) स्टोव्ह सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. त्याच्या माथ्याचा आकडा आतल्या जाळाच्या बराच मागे असतो, म्हणून तिथे पाइपवर जास्त भरवसा ठेवा. इन्फ्रारेडची बंदूक काळ्या, निस्तेज पृष्ठभागावर ठीक चालते. चकचकीत धातूवर ती हमखास कमी दाखवते.

लाकडातली ओल

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मं पाणी असतं. असं १० किलो लाकूड आत टाकलं की जवळपास ५ लिटर पाणी उकळून त्याची वाफ करायचं काम स्टोव्हच्या गळ्यात पडतं. तेवढी उष्णता घराला मिळत नाही, आणि वर भट्टी थंड होऊन धूर जळायचा राहतो. ओल २० टक्क्यांच्या खाली पाहिजे.

ओल मोजायला दोन टोकांचं साधं मीटर पुरतं, पण मोजायची रीत चुकते. रचलेल्या लाकडाच्या टोकाला मीटर लावलं तर ते कोरडंच दाखवणार, कारण टोकं आधी सुकतात. एक लाकूड घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मधोमध फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर रेषांच्या दिशेने टोकं रुतवून मोजा. अंगणातलं गोठलेलं लाकूड मोजलं तर आकडा चुकीचाच येतो.

ओक सुकायला फोडून रचल्यावर दोन वर्षं धरा, कधी त्याहून जास्त. ॲशमध्ये तोडतानाच ओल कमी असते, ते वर्षभरात तयार होतं. मेपल आणि बर्च या दोघांच्या मधले. पाइन चिमणी खराब करतं हा समज फार घट्ट बसला आहे, पण चिमणी खराब होते ती ओलीमुळे. सुकलेलं पाइन खुशाल वापरा. ते लवकर आणि जोरात जळतं एवढं लक्षात असू द्या. विकणाऱ्याने ‘सीझन्ड’ (सुकवलेलं) म्हटलं तरी मीटर लावूनच घ्या, आणि पुढच्या हिवाळ्याचं लाकूड शक्यतो या वसंतातच रचून ठेवा. रास वरून झाकायची, बाजू उघड्या ठेवायच्या.

रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड, प्लायवुड, समुद्रावर वाहून आलेलं खारट लाकूड आणि घरातला कचरा यांतलं काहीही आत जाता कामा नये.

पेटवणं

चुलीत पेटवण खाली आणि लाकूड वर असतं. बंद स्टोव्हमध्ये उलट रचलेलं बरं. वरून खाली जळत जाणारा जाळ चिमणी लवकर तापवतो आणि सुरुवातीचा धूर कमी करतो.

१. आधीची राख इंच-दोन इंच (अडीच ते पाच सेंटिमीटर) राहू द्या. तळाला जाळी नसलेल्या स्टोव्हमध्ये निखारे तिच्यावर चांगले टिकतात.

२. तळाशी मनगटाएवढी जाड दोन-तीन लाकडं, मध्ये बोटभर फट ठेवून.

३. त्यावर आडवी चार-सहा बारीक लाकडं, दीड-दोन इंच जाडीची.

४. त्यावर बोटाएवढ्या आठ-दहा काटक्या, एकावर एक आडव्या-उभ्या, आणि माथ्यावर मेणाचा पेटवणीचा तुकडा किंवा कागदाच्या दोन-तीन गाठी.

५. हवा पूर्ण उघडा. पाइपमध्ये झडप किंवा स्टोव्हला बायपास (धुराला थेट चिमणीत सोडणारी वाट) असेल तर तोही उघडा.

६. पेटवण्याआधी दाराजवळ जळती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर पेटवा. बाहेर ढकलला गेला तर चिमणीत थंड हवेचा गोळा अडकला आहे. घराबाहेरून वर गेलेल्या चिमणीत हे फार होतं. जवळची खिडकी उघडा आणि वर्तमानपत्राचा एक पेटता बोळा पाइपच्या तोंडाशी वर धरा, किंवा केस वाळवायचं यंत्र तिथे दोन-तीन मिनिटं चालवा. उदबत्तीचा धूर आत वळला की मगच काडी लावा.

७. पहिली पाच मिनिटं दार बोटभर उघडं ठेवलं तर चालतं, पण तिथून हलायचं नाही. फोन वाजला, पोरांनी हाक मारली, तर आधी दार लावा.

अगदी नवा बिडाचा किंवा सोपस्टोनचा स्टोव्ह असेल तर पहिले दोन-तीन जाळ छोटे करा आणि मध्ये पूर्ण निवू द्या. रंग पक्का होताना वास येतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा.

हवा आवळणं

पेटल्यावर पंधरा-वीस मिनिटांत एकेरी पाइपवरचा काटा २५० फॅरनहाइट ओलांडायला हवा. तोवर दांड्याला हात लावू नका. काटा ३०० ते ३५०च्या आसपास आला, लाकडांच्या सगळ्या कडा काळ्या पडून पेटल्या की हवा निम्मी करा आणि पाच मिनिटं थांबा.

आता काचेतून बघा. ज्योती थोड्या मंद होऊन पुन्हा उभ्या राहिल्या आणि छताच्या नळ्यांच्या छिद्रांजवळ वेगळ्या ज्योती पेटल्या, तर धूर जळायला लागला आहे. मग हवा आणखी कमी करून पाव ठेवा आणि पुन्हा पाच मिनिटं बघा. उलट जाळ काळवंडला, लाकूड नुसतं लाल होऊन धुमसू लागलं, काच धुरकटली, तर घाई झाली. दांडा एक घर मागे घ्या आणि जाळ परत येऊ द्या.

या टप्प्यावर दोन्ही थर्मामीटरांवर जे दिसतं ते नीट बघण्यासारखं आहे. हवा कमी केल्यावर पाइपवरचा काटा ३५० वरून ३०० कडे उतरतो, आणि त्याच वेळी माथ्यावरचा ४०० वरून ५००, ५५० कडे चढत जातो. हवा कमी आणि उष्णता जास्त, हे चुलीवर कधी होत नाही. इथे होतं, कारण कमी ओढीमुळे वायू भट्टीत जास्त वेळ राहून तिथेच जळतात आणि उष्णता पाइपातून निसटण्याऐवजी खोलीत येते. दोन्ही काटे एकदम पडायला लागले तर हवा कमी पडते आहे. दोन्ही एकदम चढत राहिले तर ती जास्त होते आहे.

बाहेर जाऊन चिमणीच्या टोकाकडेही एक नजर टाका. पेटवून अर्धा तास झाल्यावर तिथे फारतर पांढरी वाफ दिसावी आणि ती लगेच विरावी. निळसर-करडा धूर लांबवर जात असेल तर काटा काही सांगो, आत नीट जळत नाही.

पुन्हा भरताना आणि रात्रीसाठी

एकेक लाकूड टाकत राहू नका. दर वेळी दार उघडून भट्टी निवते आणि चक्र पहिल्यापासून सुरू होतं. जाळ संपून लाल निखारे उरले, माथा २५० ते ३०० फॅरनहाइटवर आला, की एकदम तीन-चार लाकडं भरा.

आधी हवा पूर्ण उघडा, अर्धा मिनिट थांबा, मग दार सावकाश उघडा. झटक्याने उघडलं तर धूर खोलीत येतो. निखारे पुढे, हवा येते त्या बाजूला ओढा आणि लाकडं त्यांच्या मागे ठेवा. काचेला टेकवू नका. दाराकडे तोंड करून उभी लावलेली लाकडं लवकर जळतात, दाराला समांतर आडवी लावलेली सावकाश. भरल्यावर हवा दहा-पंधरा मिनिटं उघडीच, आणि मग आधीसारखीच टप्प्याटप्प्याने कमी.

रात्री जाड, कोरडी लाकडं घट्ट रचा, म्हणजे हवेला फटी कमी मिळतात. पण भरलं, दांडा बंद केला आणि झोपायला गेलो, असं करू नका. अर्धा-पाऊण तास आधी भरा, नळ्यांवरच्या ज्योती स्थिर झालेल्या बघा, मगच निजायला जा.

कडाक्याच्या थंडीत वेगळीच अडचण येते: भट्टी निखाऱ्यांनी भरते, लाकडाला जागा राहत नाही आणि घर मात्र निवत जातं. निखारे पुढे ओढा, हवा उघडा, वर कोरड्या पाइनचा एक बारीक तुकडा टाका आणि अर्धा-पाऊण तास द्या. निखारे विझेपर्यंत हवा पूर्ण बंद करू नका. या वेळी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि चिमणीची ओढही कमी झालेली असते. या वायूला वास नसतो. स्टोव्हच्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म हवाच, धुराचा अलार्म वेगळा.

ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये, बाहेर फार थंडी नसताना, मोठा जाळ नकोसा होतो आणि लोक धुमसत ठेवण्याकडे वळतात. त्याऐवजी तीन-चार बारीक लाकडांचा छोटा, पण प्रखर जाळ करा आणि विझू द्या.

कॅटॅलिस्ट असेल तर

काही स्टोव्हमध्ये धुराच्या वाटेवर कॅटॅलिस्ट, म्हणजे धूर जळायला मदत करणारा भाग, बसवलेला असतो. त्यामुळे धूर साधारण २६० सेल्सियसला (५०० फॅरनहाइट) जळू लागतो, म्हणून असे स्टोव्ह मंद जाळावरही स्वच्छ चालतात. त्याच्या प्रोबचा काटा सक्रिय पट्ट्यात आला की मगच बायपास बंद करा, आणि दार उघडण्याआधी तो न विसरता उघडा. ओलं लाकूड टाकून लगेच बायपास बंद केला तर कॅटॅलिस्ट निवतो आणि काजळीने बुजतो. रंगीत छपाईचे चकचकीत कागद जाळल्यानेही तो निकामी होतो.

तापमान चढतच नसेल तर

सगळ्यात आधी लाकूड तपासा, दहातल्या नऊ वेळा दोष तिथे असतो. लाकूड कोरडं निघालं तर चिमणीकडे बघा. माथ्यावरची पक्ष्यांना रोखणारी जाळी क्रिओसोटने बुजलेली असू शकते. चिमणी आखूडही असू शकते. ती छपरातून निघते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत असलेल्या छपराच्या कुठल्याही भागापेक्षा किमान २ फूट उंच हवी.

तिसरं कारण मराठी घरांत हमखास सापडतं: स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट. फोडणी करताना तो पूर्ण जोरात लावला जातो, आणि अलीकडची घरं इतकी बंदिस्त असतात की बाहेर फेकलेल्या हवेची भरपाई चिमणीतूनच उलटी होते. जाळ मरतो, धूर दिवाणखान्यात उतरतो. एक्झॉस्ट लावण्याआधी स्टोव्हजवळची खिडकी दोन बोटं उघडा. कपडे वाळवायच्या यंत्रानेही हेच होतं. कायमचा इलाज हवा असेल तर स्टोव्हला बाहेरून थेट हवा आणणारी नळी जोडून घ्या.

जाळ हाताबाहेर जात असेल तर

एकेरी पाइपवरचा काटा ४७५ ओलांडून चढत राहिला, माथा ७५० फॅरनहाइटच्या (४०० सेल्सियस) पुढे गेला, तर ताबडतोब हवा पूर्ण बंद करा. दार आणि राखेच्या कप्प्याचं दार घट्ट लागलं आहे ना ते बघा. पंखा असेल तर चालू करा, पाइपात झडप असेल तर आवळा. दार उघडू नका. पाणी तर मुळीच टाकू नका, बीड तडकतं आणि वाफेने माणूस भाजतो. लोखंड लालसर दिसलं तर भट्टी निवल्यावर वेल्ड, विटा आणि आडवी पाटी तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

याची कारणं ठरावीक असतात: भरपूर निखाऱ्यांवर बारीक, कडकडीत कोरडी लाकडं एकदम भरणं, हवा उघडी ठेवून विसरणं, दाराचं गॅस्केट (कडेने बसवलेली, हवा रोखणारी दोरी) झिजणं, किंवा फार उंच चिमणीची जास्त ओढ. शेवटच्या कारणासाठी पाइपात झडप बसवून घेता येते.

पाइप थरथरू लागला, चिमणीतून मोठी घरघर ऐकू आली, टोकातून ठिणग्या उडाल्या, तर ती चिमणीची आग आहे. हवा आणि दार बंद, सगळे घराबाहेर, आणि ९११. आग आपोआप विझली तरी फोन कराच आणि तज्ज्ञाकडून तपासणी झाल्याशिवाय स्टोव्ह पेटवू नका.

गॅस्केट, चिमणी, राख

गॅस्केट तपासायला स्टोव्ह थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती अडखळत निघाली पाहिजे. सहज सरकली तर त्या जागी हवा शिरते आहे. असं दाराच्या चारही बाजूंना करा. काचतंतूंची दोरी माहितीपुस्तकात दिलेल्या जाडीचीच घ्या. जाड घेतली तर दार लागत नाही, बारीक घेतली तर काटा कधीच ताब्यात येत नाही.

चिमणी वर्षातून एकदा, हिवाळ्याआधी तपासून घ्या. क्रिओसोटचा थर इंचाच्या आठव्या भागाएवढा (३ मिलिमीटर) झाला की लगेच साफ करा, वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका.

स्टोव्हच्या आजूबाजूला ३ फुटांच्या आत काहीही जळाऊ नको. वाळत घातलेले ओले मोजे आणि लाकडाची टोपलीही नको. राख झाकणाच्या धातूच्या बादलीतच काढा आणि बादली घरापासून निदान १० फूट लांब, दगडावर किंवा काँक्रीटवर ठेवा. लाकडी डेकवर नको, गॅरेजमध्ये नको. राखेत दडलेला निखारा तीन-चार दिवसही जिवंत राहतो. त्यामुळे कचऱ्याच्या पिशवीत किंवा बागेत ओतण्याआधी बादलीला आठवडाभर तसंच राहू द्या.